मॅडमचा टीका

सबनीस गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "कोणी पाहिलं?" फोनवर सुनंदावहिनी होत्या, त्यांच्या पत्नी. बिचाऱ्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी पाहिलं, मॅडम. मी पण पाहिलं." या प्रश्नाची मला अजून लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू, मी तो विचारला. भोपाळच्या त्या मोठ्या कारखान्यात तीस वर्षं मी इन्स्पेक्शनमध्ये काढली. कोणी 'झालं' म्हटलं की 'कोणी पाहिलं' हे माझ्या तोंडून निघायचंच. त्यातून सबनीसांचं 'झालं' तर मी कधीच नुसतं ऐकून घेतलं नव्हतं. ते पेंट शॉपचे सुपरवायझर आणि मी त्यांचं काम तपासणारी. आमच्या ओळखीची सुरुवात अविश्वासाने झाली आणि शेवटही तसाच झाला. फोन आला त्याच्या आदल्याच रविवारी ते माझ्या आनंद नगरच्या घरी आले होते, नेहमीप्रमाणे सकाळी दहाला. माझ्या काळ्या गाडीपाशी उभं राहून त्यांनी नेहमीचंच विचारलं, "आहे नं, मॅडम?" मी म्हटलं, "आहे. तुमची खोड जिथे होती तिथेच आहे." ते हसले आणि स्कूटरला किक मारून गेले. मी चहाचं विचारलं नाही… या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

मी सांगलीहून भोपाळला नोकरीला आले तेव्हा टाउनशिपमध्ये मराठी माणसं पुष्कळ होती, पण ती दोन जातींची. एक आमच्यासारखी, महाराष्ट्रातून बदलून किंवा निवडून आलेली, घरात शुद्ध मराठी बोलणारी आणि तेवढ्यावरून स्वतःला शहाणी समजणारी. दुसरी उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेरची, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच वाढलेली. सबनीस उज्जैनचे. पहिल्याच दिवशी मी खोलीएवढ्या ट्रान्सफॉर्मरच्या टाकीभोवती बॅटरी घेऊन फिरत होते, तेव्हा मागून आवाज आला, "मॅडम, काय ढूंढून राहिल्या आहात? सांगा नं, मी दाखवतो." मला ते 'ढूंढून' आवडलं नाही आणि 'मी दाखवतो' तर मुळीच आवडलं नाही. ज्याचं काम तपासायचं त्यानेच दोष दाखवायचे म्हणजे झालंच. मी बॅटरी पत्र्याला आडवी धरली. समोरून उजेड टाकला तर कोणताही रंग चांगला दिसतो, आडवा टाकला की खरं काय ते दिसतं. एका सांध्यापाशी रंग पातळ होता. मी काम परत पाठवलं. सबनीसांनी खिशातून पॉलिथिनची पातळ पिशवी काढून हातात मोज्यासारखी चढवली, डोळे मिटले आणि त्या जागेवरून हात फिरवला. उघड्या हाताला जी बारीक कचकच कळत नाही ती पिशवीतून कळते, हे मला त्यांनी पुढे सांगितलं. तेव्हा मला तो नाटकीपणा वाटला.

पहिलं वर्षभर मी त्यांच्या कामात काही ना काही काढत होते. मग त्यांचं काम सुधारत गेलं आणि एक दिवस अशी टाकी आली की तिच्यात मला काहीच सापडेना. चारही बाजू पाहिल्या, झाकण पाहिलं, शिडीवर चढून वरून पाहिलं. काही नाही. दुसरा कोणी असता तर सही करून मोकळा झाला असता. मला मात्र खात्री वाटायला लागली की काहीतरी आहे आणि ते माझ्यापासून लपवलंय. दोन दिवस मी ती टाकी अडवून ठेवली. पहिल्या दिवशी जेवणाचा डबा तसाच घरी परत नेला, दुसऱ्या दिवशी नेलाच नाही. आई माझ्याजवळच राहायची, ती म्हणाली, "अगं, चांगलं असेल एखाद्याचं काम." मी तिच्यावरही चिडले. शेवटी वरून विचारणा झाली तेव्हा नाइलाजाने सही केली. पुढची टाकी आली आणि उचलायच्या लोखंडी कड्याखाली मला रंगाचा छोटासा ओघळ मिळाला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू… मी तो लाल खडूने गोल करून दाखवला. सबनीसांनी लगेच घासून दुरुस्त केला आणि म्हणाले, "करा सही, मॅडम." मी केली. पुढे वर्षानुवर्षं हेच चालत राहिलं. दर टाकीला कुठेतरी एक ओघळ, एक बुडबुडा, ब्रशचा एक केस चिकटलेला. मी शोधायची, ते काढायचे, मी सही करायची. 'सबनीसांचं काम चांगलं, पण कड्याखाली लक्ष नसतं' असं मी चार लोकांत सांगत असे.

माझ्याबद्दल पेंट शॉपमध्ये काय बोललं जातं हेही मला ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे असं मी समजत होते. रामसेवक नावाचा त्यांचा जुना पेंटर होता. मी येताना दिसले की तो आतल्या लोकांना ओरडून विचारी, "मैडम का टीका रह गया क्या?" आणि आतून उत्तर येई, "लग गया, लग गया." मी मनात म्हणे, करा माझी चेष्टा. टीका करणं हेच माझं काम आहे. सबनीसांच्या संगतीने या लोकांनी आपला एक मराठी शब्द उचललाय, अशी माझी समजूत होती. एकदा तर मी त्याला सुनावलंही होतं की टीका ऐकायची सवय असली की काम सुधारतं. रामसेवक 'जी मैडम' म्हणून खाली बघायला लागला. मला वाटलं ओशाळला.

सबनीस आणि सुनंदावहिनी आमच्याच ब्लॉकमध्ये पलीकडच्या जिन्यात राहायचे. वहिनी पोहे पाठवायच्या आणि मी वाटी परत करताना हटकून साखर घालून द्यायची, कारण तपासणीच्या आधी कोणाचं काही फुकट खायचं नाही असा माझा कडक नियम होता. आई आजारी पडली तेव्हा सबनीस न सांगता रोज संध्याकाळी येऊन बसायचे, तिच्याशी उज्जैनच्या गोष्टी बोलायचे. मला शंका यायची की कुठलंतरी मोठं काम अडलं असेल. एकदा ते गेल्यावर आई म्हणाली, "तुला वाटतं तो तुला घाबरतो. घाबरत नाही गं, सांभाळतो." मी म्हटलं, मला कोणी सांभाळायची गरज नाही. आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही, आणि ते वाक्य माझ्याकडून तसंच बाजूला पडून राहिलं.

मी निवृत्त व्हायला आठ महिने उरले होते तेव्हा गाडी घेतली. सबनीस दोन वर्षं आधीच निवृत्त होऊन आनंद नगरला राहायला गेले होते. भोपाळची धूळ बघता सगळ्यांनी पांढरी घे म्हणून सांगितलं, मी काळी घेतली. पांढरा रंग खोटं बोलतो, काळा काही लपवत नाही. शोरूममध्ये गाडी माझ्या ताब्यात द्यायच्या आधी एक माणूस ओलं फडकं घेऊन धावला, त्याला मी तिथेच अडवलं. त्या फडक्यातल्या कणांनी नव्या रंगावर बारीक गोल ओरखडे उठतात, आणि काळ्यावर ते उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. धुळीसकट आणली गाडी. मग एम. पी. नगरात एका दुकानात गेले, तिथे रंगावर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे एक पारदर्शक कडक थर, चढवून देतात. दुकानदार म्हणाला, "मैडम, इसके बाद पत्थर भी मारो तो कुछ नहीं होगा." मी म्हटलं, मारून दाखवा. त्याने मारला नाही. ही हकिगत कशी कोण जाणे सबनीसांच्या कानावर गेली आणि दुसऱ्या दिवशी ते स्कूटरवरून माझ्या क्वार्टरसमोर हजर. "मॅडम, दुकानवाल्याला देऊ नका. मी करून देतो. मी मंडीदीपला शिकून राहिलोय हेच." भोपाळजवळच्या मंडीदीपमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ते आठवड्यातून दोनदा पेंटरांना शिकवायला जायचे आणि तिथेच हे नवं कोटिंग स्वतः शिकले होते. माझ्या मनात पहिला विचार आला : यांना यातून काय मिळणार?

तरी हो म्हटलं. तीन दिवस ते येत राहिले. पहिल्या दिवशी दोन बादल्या घेऊन गाडी धुतली. एक बादली साबणाची, दुसरी फक्त हातातला मोजा खळबळून घेण्यासाठी, म्हणजे निघालेली माती परत गाडीवर जात नाही. मग तीच जुनी पिशवी हातात चढवून त्यांनी डोळे मिटून बॉनेटवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "बघा, नवीकोरी आहे नं? हात लावा." पिशवीतून खरखर लागली. गाड्या रेल्वेने येतात, रुळांचा लोखंडी कीस रंगात रुतून बसतो. एका चिकट पिवळ्या वडीने, पाणी मारत मारत, त्यांनी तो सगळा ओढून काढला. दुसऱ्या दिवशी रबरांना, कडांना टेप लावून मशीनने पॉलिश केलं. तिसऱ्या दिवशी गाडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये धूळ येऊ नये म्हणून तोंडाशी चादर टांगली आणि म्हणाले, "आज आत यायचं नाही, मॅडम." आता मला आत येऊ नका म्हटल्यावर मी काय करणार? पत्र्याच्या फटीतून पाहत उभी राहिले. ते वीतभर जागेत कोटिंगचे थेंब पसरायचे आणि थांबायचे. मिनिटभरात त्यावर पाण्यावरच्या तेलासारखी रंगीत झाक येते. ती आली रे आली की पुसायचं. चुकलं तर ते तिथेच कडक होतं आणि डाग राहतो, मग पॉलिश केल्याशिवाय निघत नाही. एवढ्या मोठ्या गाडीवर ते वीतवीतभर करत गेले. एकदाही घाई केली नाही. मला फटीतून सगळी गाडी दिसत नव्हती, आणि जे दिसत नव्हतं त्याचीच काळजी लागून राहिली होती.

दुपारी त्यांनी चादर काढली. बाहेरच्या कडुलिंबाचं पान न पान गाडीत दिसत होतं. त्यांनी एक छोटं कार्डही बनवून आणलं होतं, कारखान्यातल्या कागदासारखंच. वर 'काम पूर्ण' आणि खाली तपासणाऱ्याच्या सहीची रेघ. मी हसले नाही. बॅटरी आणली. छप्पर, बॉनेट, डावे दरवाजे, डिकी… काही नाही. मला ती दोन दिवस अडवलेली टाकी आठवली आणि मी पुन्हा छपरापासून सुरुवात केली. आणि मग ड्रायव्हरच्या दरवाजाच्या कडीमागे, जिथे बोटं घालून दार उघडतो त्या खोलगट भागात, नखाएवढा धुरकट डाग दिसला. न पुसलेलं कोटिंग. मला मनातून बरं वाटलं हे कबूल करते. मी म्हटलं, "सबनीस, इतक्या सुंदर कामाला गालबोट लावलंत."

"लावलं नं," ते म्हणाले, आणि चक्क खूश दिसले.

"काढून टाका."

"हे नाही काढत मी."

इतक्या वर्षांत मी दाखवलेला दोष काढायला त्या माणसाने कधी नकार दिला नव्हता. "म्हणजे तुम्ही हे मुद्दाम ठेवलंत?" मी विचारलं.

"मुद्दामच ठेवलंय, मॅडम."

मी भडकले. "इतक्या वर्षांचा राग असा काढलात होय? की आता हात थरथरायला लागलेत आणि ते कबूल करायचं नाही म्हणून मुद्दाम म्हणताय?" सबनीसांचा चेहरा उतरला. त्यांनी फडक्यांच्या नीट घड्या घातल्या, बादल्या स्कूटरला अडकवल्या आणि जाताना "सात दिवस पाणी लागू देऊ नका" एवढंच म्हणाले. कार्ड बॉनेटवर तसंच राहिलं. मी ते उचलून डॅशबोर्डच्या खणात टाकलं. सही केली नाही.

मला वाटलं होतं ते पुन्हा येणार नाहीत. पण पुढच्या रविवारी दहाला आले, कडीमागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "आहे नं?" आणि मग दर रविवारी. मी निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, आनंद नगरला त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर घर घेतलं, तरी तेच. मला वाटायचं की त्यांनी डिवचलेलं मला अजून बोचतंय का, हे बघायला येतात. चहाचं विचारणं मी पहिल्या महिन्यातच बंद केलं होतं. एकदा तो डाग काढून घ्यायला मी एम. पी. नगरच्या त्या दुकानात गाडी नेली, पण त्यांच्या मशीनवरचं मळकं पॅड बघून तशीच परत आणली. चार वर्षं त्या कोटिंगवरून पाणी घरंगळून जात होतं, पाखरांची घाण नुसत्या पाण्याने निघत होती, गाडी नव्यासारखी होती. मी हे एकदाही त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते जिंकले असते, असा काहीतरी माझा हिशेब होता.

तेराव्याला मी गाडी घेऊनच गेले. निघताना बाहेर आले तर एक म्हातारा माणूस माझ्या गाडीपाशी वाकून उभा होता. मी लगेच ओरडले, "क्या कर रहे हो?" तो वळला. रामसेवक होता. पार वाळला होता, चष्मा दोरीने कानाला बांधलेला. त्याचा अंगठा ड्रायव्हरच्या दाराच्या कडीमागे होता आणि डोळ्यांत पाणी होतं.

"मैडम का टीका," तो म्हणाला. "साहब ने आपकी गाड़ी को भी लगाया."

"कौन-सी टीका? मैंने तो कुछ कहा ही नहीं," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "टीका, मैडम. नज़र का टीका. जैसे बच्चे के गाल पे लगाते हैं."

म्हणजे आपली तीट. मग त्याने सांगितलं. ती दोन दिवस अडवलेली टाकी त्याला आठवत होती. "आपने खाना नहीं खाया था. साहब बोले, रामसेवक, इनको कुछ न मिले तो ये बीमार पड़ जाएँगी. अगली टंकी पे आख़िरी हाथ के बाद ख़ुद ब्रश लेके कड़े के नीचे एक बूँद छोड़ दी. बोले, ये मैडम का टीका है. फिर तो हर टंकी पे लगता था. साहब ही लगाते थे, किसी और को नहीं लगाने देते थे."

माझ्या स्वभावाप्रमाणे मला पहिली शंका आली तीच मी विचारली, "मतलब एक दाग़ दिखाकर बाक़ी छुपाते थे?"

रामसेवकला ते लागलं. "आपके आने से पहले साहब हाथ पे पन्नी की थैली चढ़ाके पूरी टंकी टटोलते थे. तीन-तीन बार. जब कुछ नहीं बचता था, तब टीका लगाते थे."

मी आत जाऊन वहिनींपाशी बसले. त्याच म्हणाल्या, "रविवारी त्यांना तुमच्याकडे यायचंच असायचं. परत आले की मी विचारायची, चहा घेतला का? तर म्हणायचे, घेतला, मॅडम छान करतात." मी मान हलवली. त्या दिवशी मला खरं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते : वहिनी, ते खोटं सांगत होते.

घरी येऊन मी माझ्या जुन्या डायऱ्या काढल्या. मोठ्या अभिमानाने जपल्या होत्या. पानामागून पान, माझ्याच अक्षरात : 'कड्याखाली ओघळ, दुरुस्त करून घेतला.' 'कड्याखाली बुडबुडा.' जागासुद्धा किती विचार करून निवडलेली, जिथून गंज धरणार नाही, कामाला धोका नाही आणि माझी बॅटरी हमखास पोचेल. पहिले दोन दिवस मला फक्त राग आला. मेलेल्या माणसावर मी रागावले. मला फसवलं, माझ्या हुशारीचा खेळ केला, सगळ्या शॉपला माहीत आणि मी एकटी शहाणी. रंगाचा केसाएवढा फरक पकडणाऱ्या मला 'मैडम की टीका' आणि 'मैडम का टीका' यांतला फरक तीस वर्षांत पकडता आला नाही. टीका 'लग गया' कशी, एवढंही कधी विचारावंसं वाटलं नाही. राग ओसरला तेव्हा उरलं ते वेगळंच. आई म्हणाली होती ते. आणि माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले असताना त्यांनी म्हटलेलं ते वाक्य, 'हे नाही काढत मी.' निवृत्तीनंतर माझ्यासाठी कोण कशावर डाग ठेवणार होतं? म्हणून त्यांनी सहजासहजी न निघणारा ठेवला. आणि दर रविवारी येऊन विचारत राहिले, आहे नं?

आता रविवारी दहाला मी बॅटरी घेऊन खाली उतरते. आधी कडीमागे बोट घालते, तो खडबडीत डाग लागतो, आणि मी मोठ्याने 'आहे' म्हणते. शेजारचे बघतात, बघू देत. मग हाताला पॉलिथिनची पिशवी चढवून छपरापासून सुरुवात करते. कारण सबनीसांना मी आता थोडीफार ओळखते. एक सापडला की ही बाई थांबते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मला दाट संशय आहे की त्यांनी दुसरा कुठेतरी लावून ठेवलाय. बॉनेट झालं, डावी बाजू झाली, चाकांच्या वरच्या कमानी झाल्या. अजून सापडलेला नाही. ते कार्ड डॅशबोर्डच्या खणात आहे, 'काम पूर्ण' आणि खाली कोरी रेघ. दुसरा सापडेपर्यंत मी त्यावर सही करणार नाही.